नवस सासूबाईंचा, पाय माझे

माझा मुलगा आठव्या महिन्यात झाला. झाला तेव्हा रडला नाही, त्याला लगेच उचलून काचेच्या पेटीत ठेवला, मला कोणी दाखवलाही नाही. मी खाटेवर पडून होते आणि बाहेर व्हरांड्यात सासूबाई उभ्या होत्या, आणि तिथेच उभ्या उभ्या त्या नवस बोलल्या, की हा जगला तर याची आई केदारनाथला पायी चढून जाईल. घोडा नाही, डोली नाही. आणि ती जाऊन आली की मगच याचं जावळ काढीन, तोवर याच्या केसाला कात्री लागणार नाही.

याची आई म्हणजे मी.

मला कोणी विचारलं नाही. मला ते बारशाला कळलं. पाळण्याभोवती बायका बसलेल्या, घुगऱ्यांचे द्रोण फिरत होते, आणि सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या. त्यांच्या ओळखीतल्या, बडोद्यात मांडवीजवळ राहणाऱ्या एक बाई होत्या, तोंडाच्या फटकळ, त्या म्हणाल्या, "अहो, मग स्वतःच्या पायांचं का नाही बोललात?"

"माझे पाय काय कामाचे?" सासूबाई म्हणाल्या. "देवाला द्यायचं ते चांगलं द्यावं. तरणे पाय दिले."

सगळ्या हसल्या, मी पण हसले. मांडीवर मुलगा होता, उंदराएवढा, त्याचा श्वास चालू आहे का ते मी सारखी बघत होते, त्याच्यापुढे मला केदारनाथ काय आणि काय, काहीच वाटलं नाही. तो जगला होता ना. त्याच्यासाठी कोणी काहीही बोललं असतं तरी मी मान हलवली असती.

भीती नंतर आली, सावकाश आली. केदारनाथ मी फक्त वाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर पाहिलं होतं. मागे सगळा पांढरा डोंगर आणि पुढे एवढंसं देऊळ. माझं माहेर नवापूरकडचं, तिथे डोंगर आहेत, पण मी ते एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेले. चढणं हे माझं काम नव्हतंच. मला दम लागायचा. लहानपणापासूनच लागायचा, पाण्याची कळशी घेऊन आले की मी ओट्यावर बसून राहायचे आणि आई म्हणायची, ही लवकर दमते. माझ्या लग्नाचं ठरत होतं तेव्हा तिनं मला सांगून ठेवलं होतं, जिना चढलीस तर वर जाऊन लगेच बोलू नकोस, जरा हसून उभी राहा. तसं मी केलं. बडोद्याची मंडळी बघायला आली होती, मला वाटतं त्यांना मी हसतमुख वाटले.

सासरचे लोक जुन्या बडोद्याचे. सासूबाईंचे सासरे राजांच्या वेळी खानगीत, म्हणजे राजवाड्याच्या खासगी खात्यात, कारकून होते, ते त्या अजून सांगतात, जसे काही काल कचेरीतून आलेत. मांडवीजवळचं भाड्याचं घर सोडून हे लोक मकरपुऱ्याकडे हाउसिंग बोर्डाच्या ब्लॉकमध्ये आले, कारण हे, म्हणजे माझे मिस्टर, तिथल्या एका कंपनीत लागले होते. आमचा ब्लॉक तीन मजल्यांचा, आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मी आठवीपर्यंत शिकलेली. ते सासूबाई कधी विसरल्या नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी त्या म्हणायच्या, "आठवीपर्यंतच ना, प्रमाण कुठलं कळायला."

मुलाचे केस वाढत गेले. पहिलं वर्ष असंच गेलं, दुसऱ्या वर्षी जावळ काढत नाहीत, एकतर पहिल्यात नाहीतर तिसऱ्यात. दोन वर्षांत त्याचे केस खांद्याखाली आले. मी त्याच्या दोन वेण्या घालायचे. भाजीवाली म्हणायची, "बेबी बहु सरस छे," मुलगी किती छान म्हणून, आणि तो तिला मारायला धावायचा. बडोद्याचा उन्हाळा, डोक्यात घाम, घामाने फोड, फोड फुटून केस चिकटायचे, मी खोबरेल लावून एकेक केस सोडवायचे आणि तो किंचाळायचा. एकदा मी म्हटलं, "आई, मागचे थोडे कापू या का? वरचे राहू देत."  त्या उठल्या, कात्री घेतली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "काप. तुझा मुलगा आहे."

मी कात्री परत खणात ठेवली. माझ्यानं होणारच नव्हतं. त्यांना ते माहीत होतं.

तिसरं लागलं तसं ठरलं, की या उन्हाळ्यात जायचंच. आमच्या खाली तळमजल्यावर एक पी.टी.चे सर राहायचे, गुजराती, शाळेतून रिटायर झालेले, तरुणपणी आबूला जाऊन डोंगर चढायचं शिकून आलेले. दरवर्षी मे महिन्यात ते वीस-पंचवीस लोकांना केदारनाथला घेऊन जायचे, आणि त्यांचा नियम असा, की आधी चार-पाच महिने ते सांगतील तशी तयारी करायची, नाहीतर येऊ नका. यांनी सरांना विचारलं. सरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बेन, पहाड पगथी नथी चडातो, श्वासथी चडाय छे."

म्हणजे डोंगर पायांनी चढायचा नसतो, श्वासाने चढायचा असतो. बाकीच्यांना ते ऐकून बरं वाटलं असेल. मला नाही वाटलं. पाय तर माझे चांगले होते.

मांडवीतून बूट आणले, कापडी, तपकिरी, रबराच्या जाड तळाचे. बूट घालायचे तर साडी चालेना, म्हणून पंजाबी ड्रेस शिवला. लग्नानंतर पहिल्यांदाच मी पंजाबी घातला, सासूबाईंनी तोंड फिरवलं पण नवसासाठी होता म्हणून बोलल्या नाहीत. सर म्हणाले, लोकरीचे कपडे पण अंगावर घालून बघा, तिकडे जाऊन टोचायला लागले तर काय करणार. म्हणून एप्रिलमध्ये, पंखा पण गरम हवा टाकत होता तेव्हा, मी स्वेटर, मफलर, हातमोजे घालून स्वयंपाकघरात पोळ्या लाटल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकी साखर मागायला आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. "अरे बापरे! बेन, ताव आव्यो छे?" मी म्हटलं नाही हो, ताप नाही, डोंगराची तयारी आहे. त्या जिन्यानं वर जाईपर्यंत हसत होत्या.

तयारी म्हणजे जिना. सकाळी उजाडलं की पाठीवर पिशवी घ्यायची, पिशवीत गहू, आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चढायचं, उतरायचं, परत चढायचं. सर खाली खुर्ची टाकून बसायचे. त्यांचा एक नियम होता. चढताना बोलत राहायचं. बोलता येतंय तोवर श्वास बरोबर आहे, बोलणं तुटलं की थांबायचं. "कोणाशी बोलू?" मी विचारलं. ते म्हणाले, "घडिया बोलो." म्हणजे पाढे.

तर मी पाढे म्हणत जिना चढायचे. पूर्ण ब्लॉकला ऐकू जायचं. दाराच्या जाळीतून पोरं वाकून बघायची. एकजण म्हणायचा, "काकी नापास झाल्या, काकींना परत शाळेत घातलं." दहापर्यंतचे पाढे पहिल्या फेरीत व्हायचे, अकरा-बारा दुसरीत, आणि तेराला लागले की माझं संपायचं. तेरा त्रिक एकोणचाळीस, तेरा चोक बावन्न, आणि मग शब्दच नाही. छातीत कोणी पाटा ठेवल्यासारखं, कानात ठकठक, डोळ्यांपुढे जिन्याची पायरी वरखाली व्हायची. मी कठडा धरून उभी राहायचे.

खालून सर विचारायचे, "शुं थयुं? भूली गया?"

विसरलात का, असं. मी वरून मान हलवायचे, हो.

आणि आमच्या दारातून सासूबाई म्हणायच्या, "आठवीपर्यंतच शिकलेली. तिला काय तेराचा येणार."

तेराचा पाढा मला पाठ होता. आमच्या मास्तरांनी छडीवर पाठ करून घेतला होता, झोपेतून उठवलं तरी म्हणेन असा. पण पहिल्या दिवशी सर म्हणाले भूली गया आणि मी हो म्हटलं, मग रोजच हो म्हणत गेले. मला दम लागतो हे सांगायचं म्हणजे काय व्हायचं? सर म्हणणार, येऊ नका. आणि मग नवस तसाच राहणार, आणि मुलाला काही झालं की सगळे माझ्याकडे बघणार. काही होईलच असं थोडंच आहे, असं हे म्हणायचे. पण पेटीच्या काचेला नाक लावून मी बघितला होता तो, बोटाएवढ्या बरगड्या खालीवर होताना. नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

म्हणून मी दोन गोष्टींची तयारी करत होते. एक जिन्याची. दुसरी कोणालाच माहीत नव्हती.

मला पक्कं वाटत होतं की मी परत येणार नाही. तिथे वर कुठेतरी, चारी बाजूला बर्फ, आणि मी दगडावर बसलेली, आणि दम येतच नाही, असं मला दिवसासुद्धा दिसायचं, भांडी घासताना दिसायचं. मी मेले तर नवस पुरा झाला असं धरतील का, हाही विचार यायचा, आणि जावळ कोण काढणार, मांडीवर कोण घेणार. तर मी मुलाला माझ्याशिवाय राहायला शिकवायला लागले. पाण्याचा माठ ओट्यावर असायचा, तो मी खाली पाटावर ठेवला आणि शेजारी त्याचा छोटा ग्लास. तहान लागली की स्वतः घ्यायचं. जेवायला भरवणं बंद केलं. तो ताटात हात घालून रडायचा, मी समोर बसून राहायचे, हात मांडीखाली दाबून. वरण-भात अंगभर व्हायचा. सासूबाई म्हणायच्या, "काय गं कसायीण आहेस, भरव ना एक घास." मी म्हणायचे, शिकू दे त्याला. झोपायला त्याला आजीकडे पाठवलं. आणि पडला तर, "आई म्हणून ओरडायचं नाही. आधी उठायचं. मग रडायचं."

एक दिवस तो गॅलरीत पडला, जोरात, आवाज आला. मी आतून ऐकलं. रडला नाही. उठला, गुडघा झाडला, माठाजवळ गेला, पाणी प्यायला. हनुवटीवर पाणी, वेण्या सुटलेल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला बरं वाटायला पाहिजे होतं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मार्च संपला तसे सर रविवारी सगळ्यांना पावागडला न्यायला लागले. सकाळच्या एस.टी.नं जायचं, माचीपर्यंत गाडी आणि पुढे पायऱ्या. बाकीचे लोक कंपनीतले, बँकेतले, दोन-तीन शिक्षिका, हसत गात चढायचे. वरून तारेवरून उडन खटोला जायचा, त्यात बसलेले लोक आम्हाला हात करायचे. मुलाला घेऊन हे घरी थांबायचे, सासूबाई माझ्याबरोबर यायच्या आणि उडन खटोल्यानं वर जाऊन बसायच्या. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, देवीच्या डोंगरावर जायचं तर निराहार जायचं, आणि पायऱ्यांवर बूट नाही. तर मी उपाशीपोटी, अनवाणी, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ते गळ्यात अडकवलेले, अशी चढायचे. सरांनी कपाळावर हात मारला. "बेन, बूट पहेरवा माटे छे के हार माटे?" बूट घालायला आहेत की हार करायला, असं. पण सासूबाईंपुढे त्यांचंही चालत नसे.

पहिल्या दोन रविवारी मी अर्ध्यावरच बसले. घरी आल्यावर हे म्हणाले उपास आहे म्हणून. शिक्षिका म्हणाल्या ऊन आहे म्हणून. सासूबाईंनी वरून प्रसादाची सुखडी आणली, ती खाल्ल्यावर मला जरा बरं वाटलं, झालं, सगळ्यांना पटलं की उपासच होता. मलाही पटलं. आपल्याला पटवून घ्यायचं असलं की किती लवकर पटतं.

तिसऱ्या रविवारी सर माझ्या बरोबरीनं चढले. सगळ्यात मागे मी आणि ते. म्हणाले, बोला. मी बोलायला लागले. पाढे पावागडच्या पायऱ्यांवर, दोन्ही बाजूंना नारळ-चुनरीची दुकानं, दुकानदार बघत होते. तेराला आले. तेरा त्रिक एकोणचाळीस. तेरा चोक. बस.

"भूली गया?"

मी मान हलवली.

त्यांनी मला एका दुकानाच्या फळीवर बसवलं. दुकानदारानं पाणी दिलं. सर शेजारी बसून राहिले, येणारे-जाणारे बघत. बराच वेळ गेला, माझी छाती खाली बसली, हात कोरडे झाले. मग ते एकदम, सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तेरा सत्ते केटला?"

"एक्क्याण्णव," मी म्हटलं.

"तेरा नवा?"

"एकशे सतरा." आणि मग मला कळलं ते काय करतायत, पण तोवर तोंडातून निघून गेलं होतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. म्हातारे झाल्यासारखे दिसले एकदम. "बेन," ते म्हणाले, "तमने बधु आवडे छे." तुम्हाला सगळं येतं. मग म्हणाले, उद्या डॉक्टरकडे जायचं, मी तुमच्या मिस्टरना सांगतो, आणि आज वर जायचं नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, म्हटलं, सांगू नका हो सर, नवस आहे. दुकानदाराला वाटलं मी त्यांची सून आहे. तो म्हणाला, "काका, छोकरीने रडावो ना." म्हणजे पोरीला रडवू नका.

डॉक्टरांनी नळी लावून खूप वेळ ऐकलं. पाठीला लावली, परत छातीला. मग दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही ऐकलं. मग विचारलं, लहानपणी कधी सांधे सुजून ताप आला होता का?

आला होता. आठवीत असताना. गुडघे एवढे सुजले, मग ते उतरले आणि मनगटं सुजली, महिनाभर अंथरुणात होते. बरी झाले तोवर परीक्षा होऊन गेली होती, आणि वडील म्हणाले आता राहू दे घरीच. शाळा त्या तापानं गेली हे मला माहीत होतं. त्याच तापानं आणखी काय नेलं ते त्या दिवशी कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदयात एक दार असतं, यांचं ते अर्धंच उघडतं, म्हणून दम लागतो. डोंगर तर नाहीच, पण जिनासुद्धा कामापुरता. दुसरं मूल नको. पुढेमागे ऑपरेशन लागेल, अहमदाबादला. यांना म्हणाले, "हिला गहू पाठीवर घेऊन चढायला कोणी लावलं?"

हे खाली बघत होते.  परत येताना सेव-उसळच्या गाडीपाशी स्कूटर थांबवली आणि म्हणाले, "खाणार का?" त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. त्यांच्या कंपनीत तेव्हा रोज उठून ऐकायला यायचं की अमुक खातं बंद होणार, बाहेरची माणसं घेणार, त्यात हे आणखी. मी म्हटलं, नको, मुलगा वाट बघत असेल. पण तो वाट बघत नव्हता. तो पाटावर बसून आपल्या हातानं मुरमुरे खात होता.

सासूबाईंना यांनीच सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्नाआधी सांगायला हवं होतं हिच्या माहेरच्यांनी." माझ्याकडे बघून नाही, ताटाकडे बघून. मग म्हणाल्या, "आणि नवसाचं काय?"

हे कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढवला. "नवस, नवस! ती मेली असती वर! मी न्हाव्याला बोलावतो आत्ता, काढून टाकतो ते केस."

"बोलाव," सासूबाई म्हणाल्या. "आणि उद्या पोराला काही झालं तर तू बघ."

हे खरंच चपला घालायला लागले. आणि मी दारात आडवी उभी राहिले. मीच म्हटलं, "नको. कात्री नको." यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कोण आहे ते त्यांना ओळखूच येत नाहीये. सासूबाईंनी पण मान वर केली. पहिल्यांदाच आम्ही दोघी एका बाजूला होतो, आणि ती बाजू भीतीची होती.

पुढचे चार-पाच दिवस तसेच गेले. केसांत नवे फोड आले. मग एके दिवशी सकाळी मी कुकर लावत होते तर जिन्यात आवाज आला, सावकाश पाऊल, आणि पाढे. पण माझ्यासारखे नाहीत. पावकी, निमकी, अडीचकी, जुन्या शाळेतले, मी कधी न शिकलेले. मी दार उघडलं. सासूबाई जिना चढत होत्या. साडी वर खोचलेली, पाठीवर गव्हाची पिशवी आणि पायात माझे बूट.

"आई!"

"बोलू नकोस मध्येच, चुकेन." त्या गच्चीपर्यंत जाऊन आल्या, तोंड लाल झालं होतं, दारात टेकल्या. मग म्हणाल्या, "पाय तुझे बोलले होते मी. पाय येत नाहीत तर बूट तरी तुझे. त्याला समजेल."

बूट त्यांना मोठे व्हायचे. मी पुढे कापूस भरून दिला, दोन मोजे एकावर एक घालायला लावले, टाचेला आतून जुन्या चादरीची पट्टी शिवली. नाडी कुठे सैल ठेवायची, उतरताना बोटं पुढे आपटतात म्हणून कुठे घट्ट करायची, ते मी सरांकडून शिकले होते, ते त्यांना शिकवलं. त्या ऐकायच्या. त्या जिना चढायच्या तेव्हा मी खाली पायरीवर बसायचे, सरांच्या खुर्चीशेजारी, आणि मुलगा आजीच्या मागे मागे वर पळायचा, वेण्या उडवत. एकदा मधल्या वळणावर त्यांचा आवाज थांबला. मी ओरडले, "आई, विसरलात का?" वरून उत्तर आलं, "विसरते कशाला? खानगीतल्यांची सून आहे मी. दम खाते."

त्यांना ते सरळ सांगता आलं. मला नव्हतं आलं.

सर म्हणाले, साठी उलटलीय बांची, म्हणजे आजींची, पण छाती लोखंडाची आहे. त्यांना घेऊन गेले. स्टेशनवर पोचवायला आम्ही गेलो होतो, गाडी हलली तरी त्या खिडकीतून मुलाकडेच बघत होत्या, हात केला नाही. हृषीकेशहून एकदा फोन आला, खालच्या सरांच्या घरी, आता पुढे निघतोय म्हणून. मग काही नाही. त्या दिवसांत मी डोंगराची सगळी भीती घरी बसून घेतली, जशी मी वर गेले असते तर घेतली असती तशीच, फक्त आता दगडावर बसलेली मी दिसायची त्या जागी त्या दिसायच्या, माझे बूट घालून.

आल्या तेव्हा ओळखू येईनात. ओठ काळे, गालांची सालं निघालेली, अंगावरचं मांस गेलेलं. बूट पिशवीतून काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. तळ झिजले होते.

त्याच आठवड्यात जावळ काढलं. नवापूरहून माझा भाऊ आला, मुलाला मामाच्या मांडीवर बसवलं. न्हाव्यानं वेण्या तशाच कापल्या आणि पाटावर ठेवल्या. मुलगा रडला नाही. डोकं पांढरंफटक निघालं, फोडांचे डाग सगळीकडे. आरशात बघून तो म्हणाला, "हा कोण?" सगळे हसले. केस चांदोदला नर्मदेत सोडले.

पाहुणे गेल्यावर मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात भांडी पुसत होतो. त्या माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "रामबाड्याच्या वर मला झालं नाही गं."

मला आधी कळलंच नाही.

"अर्धी वाट, तिथपर्यंत चालले. पुढे पाय उचलेना. सरांनी बळंच घोड्यावर बसवलं. ते कोणाला बोलणार नाहीत. तूही बोलू नकोस, तुझ्या नवऱ्याला तर मुळीच नाही." मग त्या वळल्या. मला इतकी वर्षं या घरात येऊन झाली, त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, सगळं सांगितलंच होतं. त्यांनी विचारलं, "समजून घेईल ना गं देव?"

मी म्हटलं, "घेईल, आई." आणि हातातलं ताट परत पुसायला लागले, पुसलेलंच.

आता मुलगा पहिलीत आहे. बारीक आहे, पण बरा आहे. माझं ऑपरेशन अजून झालं नाही, आज करू उद्या करू चाललंय. मी जिना दिवसातून एकदाच उतरते. माठ अजून खाली पाटावरच आहे. तो अजून आजीजवळच झोपतो, मी दोन-तीनदा बोलावलं, आला, थोडा वेळ पडला आणि उठून गेला. काही लागलं, खुपलं, तरी हाक मारत नाही. मीच शिकवलंय.

शाळेतून येताना तो जिन्यात पाढे म्हणत येतो, ते मी नाही शिकवलं, आमचं ऐकून असेल. आम्ही दोघी आत स्वयंपाकघरात असतो. सात एके सात, सात दुणे चौदा, आवाज वर वर येतो. परवा सात पंचे पस्तीसला थांबला. माझा हात पिठात थांबला. सासूबाईंची सुरी थांबली. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. विसरला असेल. नाहीतर खाली कोणाशी बोलत असेल. नाहीतर दम लागला असेल.

सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि जिन्याकडे गेल्या. मी कान देऊन बसून राहिले.